एक लिंक चुकली आणि सासुरवाडी घरी आली

माझी स्मरणशक्ती जबरदस्त आहे. शाळेत माझ्या वर्गात कोणाचा हजेरी क्रमांक काय होता, ते मला आजही सांगता येतं. आमच्या जुन्या स्कूटरचा नंबर, बायकोच्या पहिल्या फोनचा नंबर, सगळं डोक्यात पक्कं बसलेलं. त्यामुळे मी ज्या कंपनीची वेबसाइट सांभाळतो, तिच्या एकूण एक पानाचा पत्ता मला तोंडपाठ असावा यात नवल ते काय? आणि मी ते सगळ्यांना सांगत फिरायचो. न विचारता.

आमची कंपनी घरसामान हलवून देते. तुम्ही वेबसाइटवर यायचं, नुसतं विचारायचं असेल तर चौकशी टाकायची, जायचं नक्की असेल तर नोंदणी करायची. नोंदणीत घरातल्या सामानाची यादी लिहायची, कुठून कुठे ते लिहायचं. मग आम्ही मेल पाठवतो, मेलमधल्या लिंकवर टिचकी मारली की तुमचं पान उघडतं, खाली हिरवं बटण असतं, ‘होय, मान्य आहे’. ते दाबलं की ट्रक आपोआप ठरतो आणि मुकादमाच्या फोनवर निरोप जातो. मधे माणूस नाही. या ‘मधे माणूस नाही’चं आमच्या मालकीणबाईंना फार कौतुक होतं. मलाही होतं. ते सगळं मीच बांधलं होतं.

आमच्याकडे वेबसाइट तपासायला एक बाई आहेत. त्यांना आम्ही शंकाताई म्हणतो, कारण त्यांना सकाळी ऑफिसचं दार उघडं दिसलं तरी शंका येते. एकदा त्या माझ्या मागे उभ्या राहून माझं काम बघत होत्या. पानाचा जो साचा असतो, ज्याला आम्ही टेम्प्लेट म्हणतो, त्यात मी लिंक लिहीत होतो.

“हे पत्ते तू हातानं का लिहितोस?” त्यांनी विचारलं.

“मग काय पायानं लिहू?”

त्या हसल्या नाहीत. “ही साइट ज्या तयार सांगाड्यावर उभी आहे, त्या फ्रेमवर्कमध्ये प्रत्येक पानाला एक नाव देता येतं. साच्यात नुसतं नाव लिही. त्या नावाचं पान कुठल्या पत्त्यावर आहे ते फ्रेमवर्क स्वतः बघतं आणि लिंक तयार करतं. उद्या पत्ता बदललास तरी नाव तेच राहतं, सगळ्या लिंका आपोआप सुधारतात. नाव चुकलं तर पान उघडतच नाही, तिथल्या तिथे बोंब होते. पण हातानं लिहिलेला पत्ता चुकला ना, तर तो कोणाला काही न सांगता भलतीकडे घेऊन जातो.”

“पण ताई, मला सगळे पत्ते पाठ आहेत.”

“तुला आहेत. साच्याला नाहीत.”

मी मान डोलावली. मान डोलावणं हा वाद मिटवण्याचा सगळ्यात स्वस्त मार्ग आहे. त्या गेल्या आणि मी पुढची लिंक हातानंच लिहिली.

काही दिवसांनी मालकीणबाईंना एक गोष्ट खटकली. चौकशीचं पान तेव्हा ‘काम’ या पत्त्यावर उघडायचं. म्हणजे काम, मग एक तिरकी रेघ, मग चौकशीचा क्रमांक. त्या म्हणाल्या, “नुसतं विचारायला आलेल्या माणसाचं काम कसलं? काम म्हणजे ठरलेलं काम. नोंदणीच्या पानाला ‘काम’ म्हण आणि चौकशीला सरळ ‘चौकशी’ म्हण.”

“अर्ध्या तासात करतो,” मी म्हणालो.

त्याच्याही आधी झालं. पत्त्यांची अदलाबदल केली, आणि साच्यांच्या फोल्डरमध्ये जिथे जिथे जुना पत्ता होता तिथे तिथे एका फटक्यात नवा टाकला. चहा गार व्हायच्या आत मोकळा. वेबसाइट उघडून सगळीकडे टिचक्या मारून पाहिल्या. सगळ्या लिंका बरोबर. स्वतःच्या पाठीवर थाप मारता येत नाही, हात पोचत नाही, म्हणून नाही मारली.

फक्त एक राहिलं. मेलचे साचे मी वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवले होते, नीटनेटकेपणा म्हणून.

याचा अर्थ काय होतो ते नीट ऐका, कारण पुढे मला समजावून सांगायला श्वास मिळणार नाही. चौकशी करणाऱ्याला जी मेल जायची, तिच्यात पत्ता जुनाच राहिला, ‘काम’ आणि चौकशीचा क्रमांक. पण ‘काम’वर आता नोंदण्या राहायला आल्या होत्या. त्यामुळे ज्याची चौकशी त्याला न दिसता, त्याच क्रमांकाची दुसऱ्याच कोणाची तरी नोंदणी समोर यायची. यादीसकट. आणि खाली हिरवं बटण.

हे मला तेव्हा माहीत नव्हतं. तेव्हा मी खुशीत होतो, आणि खुशीत असलो की मी सासऱ्यांना फोन करतो.

माझे सासरे कारखान्याच्या भांडारातून निवृत्त झालेत. आयुष्यभर नटबोल्ट मोजून दिले आणि मोजून घेतले. सासूबाई आणि ते शहराच्या दुसऱ्या टोकाला दोघंच राहतात. बायको त्यांना आमच्याकडे राहायला या म्हणून सारखी मागे लागलेली, आणि सासऱ्यांचं ठरलेलं उत्तर, “आम्ही कुणाच्या घरात पाहुणे होऊन राहणार नाही.” हा विषय निघाला की मी गॅलरीत जाऊन झाडांना पाणी घालतो. आमच्या झाडांची मुळं त्यामुळे कायम ओली असतात.

तर मी त्यांना म्हणालो, “बाबा, आमची नवीन वेबसाइट जरा वापरून बघता का? नोंदणीचा फॉर्म भरा. खोटाखोटा.”

खरं तर असल्या चाचणीसाठी आमच्याकडे वेगळी साइट आहे. पण तिला पासवर्ड लागतो, आणि सासऱ्यांना फोनवरून पासवर्ड सांगायचा म्हणजे प्रत्येक अक्षर मोठं की लहान, लहान म्हणजे किती लहान, इथून सुरुवात. म्हणून मी त्यांना खरीच साइट दिली.

“जायचा पत्ता काय लिहू?” त्यांनी विचारलं.

“कुठलाही लिहा.”

“मला आमचा सोडून तुमचाच पाठ आहे.”

“तोच लिहा. आणि तारीखही कुठलीही टाका. फक्त शेवटचं हिरवं बटण दाबू नका.”

त्यांनी ते दाबलं नाही. माझे सासरे सांगितलेलं तंतोतंत पाळतात. भांडारातला माणूस.

आता गुरुवारची दुपार. मी ऑफिसात बसलोय, शंकाताईंच्या टेबलावरचा फोन वाजला. त्यांनी दोन वाक्यं ऐकली, माझ्याकडे बघितलं आणि फोनचा आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा केला.

पियानो शिकवणाऱ्या एक बाई बोलत होत्या. “मी फक्त माझा पियानो हलवता येईल का एवढंच विचारलं होतं. तुमची मेल आली. लिंक उघडली तर ही एवढी मोठी यादी. मी वर खाली करून दमले. म्हटलं पियानो असेल कुठेतरी आत. खाली बटण होतं, मान्य आहे का म्हणून. दाबलं. आज ट्रक येणार असं लिहून आलं. सकाळपासून वाट बघतेय, कोणी आलं नाही.”

“यादीत काय काय होतं, आठवतं का?” शंकाताईंनी विचारलं.

“समोरच आहे ना माझ्या. वाचू? ‘काचेच्या बरण्या, मोठ्या, झाकणांसकट. काचेच्या बरण्या, लहान, पैकी एकीचं झाकण बसत नाही.’”

मला हसू आलं. कोण इतकं बारीक लिहितं, असं मनात आलं, आणि ते मन तिथेच थबकलं.

“‘दिवाण, एक. ड्रॉवर डावीकडचा जोर लावून उघडावा. आरामखुर्ची, एक, हिची, जपून. टेबलफॅन, बंद. दुरुस्त करणार आहे.’”

तो पंखा मी ओळखतो. माझं लग्न झालं तेव्हापासून सासरे तो दुरुस्त करणार आहेत.

मी वेबसाइट उघडली. सासऱ्यांची नोंदणी: मान्य. ट्रक: निघाला. क्रमांक पियानोच्या चौकशीचाच. मी मेलचा साचा उघडला, एका ओळीकडे बघितलं आणि लॅपटॉप हळूच मिटला, जणू मिटल्यानं ती ओळ आतल्या आत बरी होईल.

“काय झालं?” शंकाताई.

“ताई, मेलमधला पत्ता बदलायचा राहिला.”

त्यांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे वेबसाइटवरचं हिरवं बटण बंद केलं. दुसरी गोष्ट, मालकीणबाईंना हाक मारली. तोवर मी सासऱ्यांना फोन लावत होतो. फोन बंद. सासूबाईंना लावला. वाजला, वाजला, वाजतच राहिला. तो उशांच्या खोक्यात भरला गेला होता हे मला नंतर कळलं. त्या वेळी डोळ्यांसमोर नाही नाही ते आलं. दोन म्हातारी माणसं, दारात चार दांडगे लोक, आणि हातात माझ्या वेबसाइटनं दिलेला हुकूम.

मुकादमाला लावला. त्यानं लगेच उचलला.

“मुकादम, आहात कुठे?”

“उतरवतोय साहेब. तुमच्याच घरी.”

“सगळं?”

“यादीप्रमाणे एकूण एक. पंखासुद्धा घेतलाय.”

“आणि माणसं?”

“आजी आमच्याबरोबर पुढे बसून आल्या. आजोबा घरात नव्हते, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलेत म्हणाल्या. वहिनी आहेत इथे. देऊ?”

मी नको म्हणेपर्यंत बायको फोनवर आली. तिचा आवाज दाटलेला होता. “मी आत्ता काही बोलणार नाही,” ती म्हणाली. “तू घरी ये. मग बोलते.” आणि फोन ठेवला.

लग्न झालेल्या वाचकांना हे वाक्य काय असतं ते माहीत आहे. ज्यांचं झालेलं नाही त्यांना सांगून उपयोग नाही.

मालकीणबाई आल्या. शंकाताईंनी त्यांना थोडक्यात सांगितलं. माझ्या सासऱ्यांचं घर हलल्याचं ऐकून त्यांच्या भुवया वर गेल्या, आणि आणखी कोणाकोणाची नोंदणी अशी परस्पर मान्य झाली असेल हे कळत नाही म्हटल्यावर त्या खाली यायच्या विसरल्या.

“तुझ्या घरचं तू बघ,” त्या मला म्हणाल्या. “बाकीच्यांचं आम्ही बघतो. लॅपटॉप घेऊन जा. आणि ती लिंक आज दुरुस्त झाल्याशिवाय तुझी माझी गाठ पडणार नाही याची काळजी घे.”

मी स्कूटर काढली ती घराकडे नाही, सासऱ्यांच्या घराकडे. बायको घरी होती, सासूबाई घरी होत्या, सामान घरी होतं. कुठे नव्हते ते एकटे सासरे. डोळे तपासून परत येणार आणि घर रिकामं बघणार. वाटेत प्रत्येक सिग्नल माझ्यासाठीच लाल होत होता. एका ठिकाणी शेजारच्या गाडीवाल्यानं काच खाली करून विचारलं, बरं वाटत नाहीये का? मी त्याला म्हटलं, लिंक चुकली. त्यानं काच वर केली.

सासरे दारातच होते. डोळ्यांत औषध घातलेलं, बाहुल्या मोठ्या झालेल्या, वर काळा चष्मा. एक हात बेलवर.

“कोण?” त्यांनी माझ्या दिशेनं बघत विचारलं.

“मी, बाबा.”

“जावईबापू, बरं झालं आलात. ही दार उघडत नाहीये. म्हणून खिडकीतून डोकावलो, तर आत घरच नाही.” त्यांनी चष्मा काढून पुसला. “मला वाटलं औषधामुळे दिसत नसेल. म्हणून बाजूच्या खिडकीतून बघितलं. तिथूनही नाही.”

मी तोंड उघडणार, इतक्यात शेजारच्या बाई किल्ली घेऊन बाहेर आल्या. “ही घ्या. वहिनींनी तुमच्यासाठी ठेवलीय. लेकीकडे राहायला गेल्या. ट्रकमध्ये बसताना हात हलवला मला. किती खुश होत्या.”

त्या आत गेल्या. सासरे पायरीवर बसले. असे बसले, जसा कोणी हातातलं ओझं खाली ठेवताना स्वतःच खाली येतो.

“मला न सांगता गेली,” ते म्हणाले.

“बाबा, तसं नाही. लिंक चुकली.”

“तिची?”

“नाही, माझी.”

“म्हणजे तुम्हाला सांगून गेली?”

“नाही हो. साच्यात पत्ता हातानं लिहिला होता. काम आणि चौकशीची अदलाबदल झाली, त्यामुळे पियानोच्या बाईंनी तुमचं बटण दाबलं.”

त्यांनी हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते औषधाचं होतं की कसलं ते मी विचारलं नाही.

“सकाळी चहात साखर कमी पडली म्हणून बोललो मी तिला,” ते म्हणाले. “आवाज थोडा चढला असेल. पण एवढ्यावरून खुर्च्या नेतं का कोणी?”

त्यांना स्कूटरवर मागे बसवलं. रस्ताभर ते माझा खांदा घट्ट धरून होते. मी एकीकडे बायकोशी काय बोलायचं ते जुळवत होतो आणि दुसरीकडे नोकरी गेल्यावर काय करायचं ते. दोन्हींत काहीच जुळत नव्हतं.

आमचा जिना अरुंद आहे. दिवाण वळणावर अडकला होता, त्याच्या एका बाजूला दोन हमाल आणि दुसऱ्या बाजूला दोन. “डावीकडचा ड्रॉवर काढून घ्या,” सासरे खालूनच म्हणाले. “जोर लावून.” ड्रॉवर निघाला, दिवाण सुटला. आम्ही त्याच्या मागोमाग वर गेलो, मिरवणुकीत चालावं तसे.

घरात उभं राहायला जागा नव्हती. खोक्यांवर खोकी, गाद्यांच्या वळकट्या, बरण्या. मधोमध आरामखुर्ची आणि खुर्चीत सासूबाई. दाराशी मुकादम घाम पुसत उभा. मी लॅपटॉप छातीशी धरून कपाट आणि भिंत यांच्या मधल्या फटीत शिरलो आणि तिथेच अडकलो.

बायको आतून आली. डोळे लाल. मी मान खाली घातली. ती खोकी ओलांडत आली आणि फटीत हात घालून तिनं माझा हात धरला.

“मला एका शब्दानं सांगितलं नाहीस,” ती म्हणाली. “बाबांना कसं तयार केलंस रे?”

तुम्हाला सांगतो, ओरडली असती तर बरं झालं असतं. ओरडण्याची तयारी मी सिग्नलवर करून ठेवली होती. याची नव्हती केली.

तेवढ्यात आरामखुर्ची करकरली आणि त्या आवाजाच्या दिशेनं सासरे बोलले, “निघायच्या आधी मला सांगायचंस तरी.”

“मी काय सांगायचं?” सासूबाई चकित झाल्या. “तुम्हीच तर ठरवलंत. मुकादमांनी मला फोनवर यादी दाखवली. हिची खुर्ची, जपून, असं कोण लिहिणार दुसरं? मला वाटलं, तोंडानं सांगायला जमलं नाही म्हणून ट्रक पाठवला असेल. तुमचं काय, सांगता येत नाही.”

“मी? मी कशाला ट्रक पाठवू?”

“म्हणजे तुम्ही नाही पाठवलात?”

दोघं एकमेकांच्या दिशेनं बघत राहिले. बायको माझ्याकडे बघायला लागली. माझ्या खिशातला फोन वाजला. शंकाताई होत्या. फटीत हात हलवायला जागा नव्हती, कुठलं बटण दाबलं गेलं कोण जाणे, त्यांचा आवाज सगळ्या खोलीत घुमला.

“आणखी एक सापडला. दाताच्या डॉक्टरांचा दवाखाना. त्यांनी मान्य केलंच नव्हतं. आपली माणसं थेट खुर्ची उचलायला लागली आणि खुर्चीत पेशंट, तोंड उघडं. मालकीणबाई स्वतः गेल्यात तिकडे. बाकी सगळे ट्रक थांबले. तुझी ती हातानं लिहिलेली लिंक मी काढून टाकलीय, नव्यानं लिहायचं काम तुझं. तुझ्या सासूबाई ठीक आहेत ना? चुकून घर हललं म्हणून घाबरल्या असतील.”

फोन बंद झाला.

मग मी सांगितलं. सगळं सांगितलं. चाचणीचा फॉर्म, पत्त्यांची अदलाबदल, मेलचा साचा, पियानो. फटीतून सांगत होतो त्यामुळे आवाज थोडा दबका येत होता, पण सगळ्यांना कळलं. मुकादमालाही कळलं. तो म्हणाला, “म्हणजे परत चढवायचं का सगळं?”

बायकोनं माझा हात सोडला. “म्हणजे तू आणलं नाहीस त्यांना,” ती म्हणाली. एवढंच. आणि स्वयंपाकघरात गेली.

सासूबाई खुर्चीच्या हातावरून बोट फिरवत होत्या. “मीही बावळटच,” त्या म्हणाल्या. “ट्रकवाले दिसले आणि मी विचारलंसुद्धा नाही कोणी पाठवलं म्हणून. विचारलं असतं तर ते परत गेले असते ना.”

सासऱ्यांनी चष्मा काढला. “तुला इतकं यायचं होतं?”

“तुम्ही सकाळी बाहेर जाता. दुपारी झोपता. घरात भिंतीशी किती बोलायचं माणसानं? पण तुम्ही म्हणाला होता, पाहुणे होऊन राहणार नाही. मग मी काय बोलणार.”

“मी म्हणालो होतो,” सासरे म्हणाले. मग चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवत, “जावयानं एकदाही विचारलं नाही. लेक विचारते, पण घर दोघांचं असतं. ज्यानं कधी विचारलं नाही, त्याच्या दारात ट्रक घेऊन कसं जायचं?”

ते मी तिथे नसल्यासारखं बोलत होते. डोळ्यांतल्या औषधामुळे मी त्यांना दिसतच नव्हतो, शिवाय कपाटाच्या मागे होतो. मला झाडं आठवली. ती सगळी ओली मुळं. मी नको म्हटलं नव्हतं कधी. मी फक्त पाणी घालत होतो.

“बाबा,” मी म्हणालो, “ट्रक चुकून आला. पण मी आता विचारतोय. तुम्ही दोघं इथे राहा. पाहुणे म्हणून नाही. मला आवडेल.”

आवाज मधेच फाटला, तो फटीमुळे.

सासरे उठले. हात पुढे करून चाचपडत आले आणि त्यांनी मुकादमाचा हात दोन्ही हातांत धरला. “जावईबापू,” ते गहिवरून म्हणाले, “तुम्ही विचारलंत, माझ्या मनातली अढी गेली. मला वाटायचं तुम्हाला आमची अडचण होते.”

मुकादम भला माणूस. त्यानं हात सोडवून घेतला नाही. “मला काहीच अडचण नाही, आजोबा,” तो म्हणाला. “पण जावई तिकडे कपाटामागे आहेत.”

सासूबाई आधी हसल्या. मग सासरे. मग स्वयंपाकघराच्या दारात बायको दिसली. ती कधीपासून तिथे उभी होती कोण जाणे. हसत नव्हती, पण चेहरा मघाचा राहिला नव्हता.

“विचारायला एवढा वेळ लागला तुला?” ती म्हणाली.

“हो.”

“बरं. आता हा दिवाण कुठे ठेवायचा तेवढं सांग. आणि मुकादम, आधी याला बाहेर काढा.”

मुकादमानं कपाट हलवलं आणि मी सुटलो. खोलीभर नजर फिरवली. दिवाण बसेल अशी घरात एकच जागा होती, खिडकीखालची, जिथे माझं कामाचं टेबल होतं. मी काही म्हणायच्या आत दोन हमालांनी ते टेबल उचललं आणि गॅलरीत नेऊन ठेवलं. तिथे पाणी पडतं. लॅपटॉप ठेवता येत नाही.

मालकीणबाईंनी नोकरीवरून काढलं नाही. त्यांनी दुसरी शिक्षा दिली. ज्यांच्या ज्यांच्या दारात चुकीचा ट्रक गेला त्या प्रत्येकाला मी स्वतः फोन करून माफी मागायची. मागितली. दाताचे डॉक्टर सगळ्यात जास्त समजूतदार निघाले, त्यांचा पेशंट नाही. पियानोच्या बाईंकडे मी ट्रकबरोबर जातीनं गेलो. आणि शंकाताईंनी फर्मान काढलं की वेबसाइटवरच्या सगळ्या साच्यांतली हातानं लिहिलेली प्रत्येक लिंक काढायची आणि तिथे पानाचं नाव घालायचं. मी तोंडपाठ पत्त्यांचा विषय काढला नाही.

ते काम अजून चालू आहे. बसायला जागा म्हणून सासूबाईंनी मला त्यांचं शिलाई मशीन दिलंय. त्यावर फळी टाकून लॅपटॉप ठेवतो. उंची बरोबर येते. फक्त विचार करताना पाय हलवायची माझी सवय आहे, आणि खाली मशीनचा पायटा आहे. पानाचं नाव आठवेना की चाक फिरायला लागतं, खडखड खडखड, आणि आतून सासूबाई विचारतात, “जावईबापू, काय शिवताय?”

“शिवत नाही, आई,” मी म्हणतो. “उसवतोय.”